मालक एक, कारभारी दुसरा

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. काळी कसदार जमीन, पूर्णेचे खोरे, कापसाने खच्चून भरलेल्या बैलगाड्या असे चित्र ती म्हण ऐकताच डोळ्यांपुढे येते. पण कुऱ्हाड म्हटली की तिला दांडा आला, आणि दांडा आला की तो धरणारा हातही आला. तो हात कुणाचा, हे म्हण सांगत नाही. त्यासाठी जुने तह आणि करार उलगडून पाहावे लागतात. ते पाहिले की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. १८५३ पासून १९४७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे, हा प्रांत मालकीने हैदराबादच्या निजामाचा होता आणि कारभाराने इंग्रजांचा. सात-बारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, असे शेताच्या बाबतीत आपण पुष्कळदा पाहतो. इथे अख्ख्या प्रांताचे तसे झाले होते.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. बी. ए. झालो आणि पुढे कविता लिहीत राहिलो. पण कविता लिहिणाऱ्याला शब्दांचा नाद असतो. वऱ्हाडच्या तहनाम्यांतले शब्द मला पहिल्यापासून खुणावत आले. १८५३ साली हा मुलूख ‘तोडून दिलेला’ होता, १८६० साली तो ‘विश्वासाने सांभाळायला’ ठेवलेला झाला, १९०२ साली ‘कायमच्या पट्ट्याने’ दिलेला झाला आणि १९३६ साली पुन्हा निजामाच्या ‘सार्वभौमत्वाखालचा’ झाला. शब्द चार वेळा बदलले. त्या प्रत्येक बदलाने वऱ्हाडातल्या माणसाच्या पदरात काय पडले, याविषयी मला आज बोलायचे आहे.

वऱ्हाड म्हणजे ढोबळ मानाने आजचे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे. उत्तरेला सातपुडा आणि मेळघाट, पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा. मधला पूर्णेचा सपाट पट्टा म्हणजे पायनघाट आणि दक्षिणेचा उंच भाग म्हणजे बालाघाट. अचलपूर ही इथली जुनी राजधानी. १४९० मध्ये इमादशाही स्थापन झाली, १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली, आणि १५९६ मध्ये चांदबीबीला हा प्रांत अकबराच्या फौजांना देऊन तह करावा लागला. तेव्हापासून वऱ्हाड हा मोगलांचा सुभा झाला. अबुल फजलने ‘आईने-अकबरी’त त्याचे वर्णन केले आहे. १७२४ साली बुलडाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या लढाईत निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनची सुभेदारी आपल्या हाती ठेवली. हैदराबादच्या राज्याचा पाया असा वऱ्हाडच्या मातीत घातला गेला.

पुढे नागपूरकर भोसले आले. चौथाईचे २५ टक्के आणि सरदेशमुखीचे १० टक्के हा त्यांचा हक्क. त्यांचे अंमलदार वेगळे, निजामाचे अंमलदार वेगळे. एकाच गावच्या पाटलाच्या ओसरीवर दोन्हीकडचे शिपाई वसुलीला येऊन बसत. १८०३ मध्ये इंग्रज आणि मराठे यांचे युद्ध झाले. अडगावची लढाई आणि गाविलगडचा वेढा हे दोन्ही प्रसंग वऱ्हाडातले. त्यानंतरचे दोन मोठे तहही वऱ्हाडातच झाले. १७ डिसेंबरला देवगावचा तह भोसल्यांशी आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह शिंद्यांशी. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला आणि इंग्रजांनी तो आपला दोस्त म्हणून निजामाला दिला. १८२२ च्या तहाने वर्धा ही पूर्वेची हद्द पक्की झाली. पाटलाच्या ओसरीवरचा एक शिपाई गेला, दुसरा उरला.

आता प्रश्न असा की इंग्रजांनी स्वतः मिळवून दिलेला हा मुलूख पन्नास वर्षांत त्यांच्याकडेच कसा परत गेला? उत्तर एका शब्दात सांगता येते. कर्ज. आणि हे कर्ज झाले कशाने, तर फौजेने.

१८०० सालच्या तहात निजामाने कबूल केले होते की लढाईच्या वेळी आपण इंग्रजांच्या मदतीला ६ हजार पायदळ आणि ९ हजार घोडदळ देऊ. कबुली लढाईच्या वेळेची होती, शांततेच्या काळाची नव्हती. पण रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक कायमची फौज उभी राहिली. हीच पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून ओळखली गेली. तिची एक छावणी आमच्या अचलपुरात होती. हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाचा. लढाया संपल्या तरी फौज राहिली आणि पगाराची महिन्याची महिन्याला टंचाई सुरू झाली.

ही टंचाई भागवायला सावकार पुढे आले. पामर कंपनीने चढ्या व्याजाने पैसे दिले. दिवाण चंदूलाल हे एकाचे घेऊन दुसऱ्याचे भागवीत राहिले. कर्जाच्या बदल्यात परगण्यांचा वसूल सावकारांना आणि मक्तेदारांना लावून दिला जाई. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस १८२५-२६ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर पाठवणारी पेस्तनजी ही पारशी पेढीही अशीच वसुलीच्या व्यवहारात शिरली होती. मक्त्याचा नियम सरळ असतो. ज्याने जास्त बोली केली त्याला गाव मिळते, आणि पुढच्या वर्षी ते आपल्याकडे राहील याची खात्री नसल्याने तो याच वर्षी सारे वसूल करू पाहतो. ज्याला विहीर खणायची नाही, फक्त पाणी उपसायचे आहे, अशा माणसाच्या हाती गावे गेली. १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाले, पण कर्ज राहिले. फौजेचे पगार आता इंग्रज सरकारच आगाऊ देऊ लागले आणि ती रक्कम निजामाच्या नावे मांडू लागले.

१८५३ साली लॉर्ड डलहौसीने हे खाते पुढे केले. कर्ज अर्ध्या कोटीच्या घरात गेले होते. निजाम नासिर-उद-दौला यांची मुलूख तोडून द्यायची तयारी नव्हती, पण रेसिडेंट कर्नल लो यांच्याशी बरीच घासाघीस झाल्यावर २१ मे १८५३ रोजी तहावर सही झाली. वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूरचा दुआब हे तीन मुलूख फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडे लावून दिले गेले. तहनाम्यानुसार इंग्रजांनी कमीत कमी ५ हजार पायदळ, २ हजार घोडदळ आणि ४ तोफखाने राखायचे, खर्च वजा जाता उरलेली रक्कम निजामाला द्यायची आणि दरसाल हिशेब सादर करायचा. म्हणजे हे गहाणखत होते. गहाण ठेवणाऱ्याचे नाव सात-बारावर कायम होते. सही झाल्यावर अवघ्या काही दिवसांत दिवाण सिराज-उल-मुल्क वारले आणि त्यांचे तरुण पुतणे सालारजंग दिवाण झाले. हे गहाण सोडवण्याचा ध्यास या माणसाने जन्मभर धरला.

१८५७ च्या उठावात हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्याचे बक्षीस म्हणून १८६० साली नवा तह झाला. ५० लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले आणि शोरापूरचे संस्थान वर देण्यात आले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. कर्ज फिटले तरी गहाण सुटले नाही. उलट एक नवे कलम आले. वऱ्हाड इंग्रजांनी विश्वासाने सांभाळायचे, कारभारावर किती खर्च करायचा हे त्यांनीच ठरवायचे, उरली तर शिल्लक निजामाला द्यायची, पण निजामाने हिशेब मागायचा नाही.

माझ्या मते वऱ्हाडच्या साऱ्या इतिहासात याहून महत्त्वाचे कलम नाही. खर्च किती करावा हे खर्च करणाराच ठरवणार आणि हिशेब मालकालाही मागता येणार नाही. मग वऱ्हाडातल्या ज्या कुणब्याने तो सारा भरला, त्याने हिशेब मागण्याचा प्रश्नच कुठे येतो? तहनाम्यात दोन पक्ष होते. तिसरा पक्ष शेतात राबत होता आणि त्याला कुणी विचारले नव्हते.

कारभार म्हणून पाहिले तर इंग्रजांनी वऱ्हाडात पुष्कळ नवे केले, हे मान्य करायला हवे. प्रांताचे सरकारी नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. वरिष्ठ अधिकारी हैदराबादचा रेसिडेंट आणि त्याच्या हाताखाली कमिशनर. सुरुवातीला दोनच जिल्हे होते, उत्तर वऱ्हाड आणि दक्षिण वऱ्हाड. ठगांवरच्या कादंबरीमुळे प्रसिद्ध असलेला मेडोज टेलर १८५७ मध्ये उत्तर वऱ्हाडचा अधिकारी म्हणून बुलडाण्यास होता. पुढे अमरावती, अचलपूर, वणी, अकोला, बुलडाणा आणि वाशीम असे सहा जिल्हे झाले. १८६७ मध्ये पहिली शिरगणती झाली, तेव्हा लोकसंख्या सुमारे २२ लाख भरली. १८७० मध्ये वऱ्हाडचे गॅझेटियर निघाले. ते सिद्ध करणारा आल्फ्रेड लायल पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर होता, आणि तो कवीही होता. कवीने गॅझेटियर लिहावे याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. एकाच हाताने त्याने कविताही लिहिल्या आणि साऱ्याचे आकडेही मांडले.

जमिनीच्या बाबतीत वऱ्हाडचे नशीब बरे निघाले. वर्धेपलीकडे नागपूर भागात मालगुजारी पद्धत आली, म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये मालगुजार उभा राहिला. वऱ्हाडात १८६० नंतरच्या मोजणीत मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धत स्वीकारली गेली. खातेदाराने आपला सारा थेट सरकारात भरायचा. अपवाद होता तो इजारा गावांचा. १८६५ च्या पडीत जमिनीच्या नियमांनी ओसाड गावे इजाऱ्याने देण्यात आली आणि इजारदार त्या गावांचे धनी झाले. यवतमाळ भागात गावाच्या नावापुढे ‘इजारा’ लागलेले आजही दिसते, ते यामुळे. वर्धेच्या अलीकडचा आणि पलीकडचा शेतकरी एकच मराठी बोलतो, एकच ज्वारी खातो, पण त्यांच्या जमिनीच्या कागदांची भाषा निराळी आहे. पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला कुळकर्णी आणि मामलेदार आठवतात, तर आमच्याकडच्या माणसाच्या तोंडी अजून पटवारी आणि तहसीलदार असतात. राज्यकर्ते जातात, पण त्यांच्या कचेरीतले शब्द गावात राहून जातात.

मग कापूस आला. म्हणजे तो होताच, पण १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि साऱ्या जगाचे लक्ष वऱ्हाडकडे वळले. १८६७ मध्ये आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. गठाणी बांधणारे प्रेस आले, जिनिंग आले. काळ्या जमिनीत ज्वारीच्या जागी कापूस वाढत गेला. रोख पैसा आला आणि रोखीबरोबर सावकार आला.

सोन्याच्या कुऱ्हाडीचा हाच काळ. त्याचा शेवट कसा झाला हे जनगणनेचे आकडे सांगतात. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ साली ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत माणसे वाढायची ती जवळजवळ दीड लाखाने कमी झाली. मधल्या काळात १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन दुष्काळ येऊन गेले होते. हिंदुस्थानातल्या सर्वांत सुपीक म्हणून नावाजलेल्या प्रांतात हे घडले. आगगाडी दाराशी होती, तिच्यातून कापूस गेलाही. पण घरात दाणा नव्हता.

इकडे सालारजंगांनी १८७० च्या दशकात वऱ्हाड परत मिळावे म्हणून अर्जामागून अर्ज केले. फौजेच्या पगारासाठी मोठी रक्कम अनामत ठेवतो, मुलूख सोडा, असेही सांगून पाहिले. १८७६ मध्ये ते विलायतेला जाऊन आले. उपयोग झाला नाही. मग लॉर्ड कर्झन आला. १९०२ साली त्याने हैदराबादला जाऊन निजाम मीर महबूब अली खान यांची भेट घेतली, आणि ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने मिळाले. खंड ठरला सालीना २५ लाख रुपये. निजामाचे सार्वभौमत्व अबाधित असल्याचे करारात लिहिले गेले. कापसाचा भाव चढो की पडो, सारा वाढो की घटो, खंड तेवढाच.

१ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड कारभारासाठी मध्य प्रांताला जोडले गेले. हैदराबादच्या रेसिडेंटचा अंमल संपला आणि नागपूरच्या चीफ कमिशनरचा सुरू झाला. १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले. अचलपूर अमरावतीत मिसळले आणि वाशीमचे तुकडे अकोला व यवतमाळ यांच्यात वाटले गेले. वाशीमला पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावे लागले.

पण कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाडी माणूस होता कोण? तो इंग्रजांच्या पोलिसाला घाबरत होता, इंग्रजांच्या कोर्टात खटला लढत होता, तरी त्याचा प्रांत ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हता. कलकत्त्याला किंवा दिल्लीला झालेला कायदा वऱ्हाडला आपोआप लागू होत नसे. तो अधिसूचना काढून लागू करावा लागे. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले, ते कायद्याच्या भाषेत ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर भरले होते. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्यावर तर गंमतच झाली. वऱ्हाडचे मतदार नागपूरच्या कायदेमंडळासाठी आपले प्रतिनिधी निवडून देत, पण वऱ्हाड परका मुलूख असल्याने त्या निवडून आलेल्यांना सरकार मग नावाला ‘नेमत’ असे. लोकांनी मत द्यायचे आणि सरकारने ते आपले म्हणून जाहीर करायचे.

पैशाची तक्रारही याच काळातली. वऱ्हाडचा महसूल जास्त आणि खर्च मात्र वर्धेपलीकडे, असे वऱ्हाडचे पुढारी म्हणत. दोन्ही भागांत खर्चाची वाटणी कशी करावी यासाठी १९२० च्या दशकात ‘सिम फॉर्म्युला’ म्हणून एक सूत्रही ठरले. विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा आपल्याला अलीकडची वाटते. तिची मुळे इतकी जुनी आहेत.

आता थोडे नाजूक विषयाकडे येतो. १९२३ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. वऱ्हाडला जबाबदार राज्यपद्धती देऊ, असे आश्वासनही दिले. वऱ्हाडात याला मोठा विरोध झाला. लोकनायक बापूजी अणे यांच्यासारखे पुढारी त्यात होते. मी वऱ्हाडातला मुसलमान, मराठीत कविता लिहिणारा. सभा-संमेलनांतून कुणीतरी मला हळूच विचारते, की निजामाबद्दल तुम्हाला काय वाटते? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असते. त्याला वाटते, हा प्रश्न हिंदू आणि मुसलमान यांचा होता.

मला तसे वाटत नाही. माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत आमच्या घरात शेती होती. त्यांनी कापूस पिकवला आणि सारा भरला. दुष्काळाच्या वर्षी पटवाऱ्याने त्यांचा धर्म पाहून सूट दिली, असे घरात कधी कुणाच्या बोलण्यात आले नाही. निजामाच्या मागणीत खोट होती ती वेगळीच. वऱ्हाडला जबाबदार राज्यपद्धती देऊ म्हणणाऱ्या राजाच्या स्वतःच्या संस्थानात तिचा पत्ता नव्हता. जे घरात नाही ते गहाणातल्या शेताला कसे देणार? लोकांचा विरोध यासाठी होता, आणि तो रास्त होता. पण इंग्रजांचे उत्तरही लोकांच्या बाजूचे नव्हते. २७ मार्च १९२६ च्या पत्रात लॉर्ड रीडिंग यांनी निजामाला बजावले, की ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही. वऱ्हाडच्या लोकांना काय हवे, हा त्या उत्तराचा गाभा नव्हता. मालक आणि कारभारी यांच्यात मोठा कोण, एवढेच त्यात ठरले.

दहा वर्षांनी वारे फिरले. संस्थानिकांना संघराज्यात ओढायचे होते, म्हणून २४ ऑक्टोबर १९३६ च्या कराराने निजामाचा मान राखला गेला. ते ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम’ झाले. त्यांचे थोरले चिरंजीव आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. वऱ्हाडात इंग्रजी निशाणाशेजारी निजामाचे निशाण लावायला मुभा मिळाली. २५ लाखांचा खंड चालू राहिला. कारभार पूर्वीसारखाच नागपूरहून, ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाने. एका बापाने मुलाला ज्या प्रांताचे राजपुत्रपद दिले, त्या प्रांतात त्या मुलाचा पटवारीसुद्धा बदलण्याचा अधिकार नव्हता.

१९४७ च्या जुलैत हैदराबादचे शिष्टमंडळ दिल्लीला आले, तेव्हा वऱ्हाड परत मिळण्याची मागणी त्यांच्या यादीत होती. इंग्रज गेले की त्यांचा पट्टा संपला, असा युक्तिवाद होता. कागदावर तो अगदीच टाकाऊ नव्हता. पण तोवर वऱ्हाडने १९३७ आणि १९४६ अशा दोन निवडणुकांत मतदान केले होते. त्याचे आमदार नागपुरात बसत होते. ज्याने मत दिले त्याला पुन्हा कुळासारखे कुणाच्या हवाली करता येत नाही. वऱ्हाड मध्य प्रांतातच राहिले. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादचा प्रश्नच निकाली निघाला, आणि २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू होऊन वऱ्हाड मध्य प्रदेशाचा भाग झाले. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारीबरोबर इजारेही संपले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. ‘बेरार’ हे नाव सरकारी कागदावरून उतरले. ज्यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत ते आझम जाह १९७० मध्ये वारले.

तहांच्या या शंभर वर्षांत वाद चालला तो मालकी कुणाची आणि शिल्लक कुणाची, या दोन गोष्टींवर. मालक हैदराबादेत बसून म्हणे, कारभार माझ्या हाती नाही. कारभारी म्हणे, मुलूख माझा नाही. जबाबदारी टाळायला याहून सोयीची व्यवस्था नाही. दुष्काळात माणूस मेला तर त्याचा जाब कुणाला विचारायचा, याचे उत्तर एकाही तहनाम्यात नव्हते.

हे सारे जुने झाले असे म्हणून हा विषय मला सोडता आला असता. पण २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला तेव्हा पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३ हजार ७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहा जिल्ह्यांपैकी वर्धा सोडला तर बाकीचे पाचही जिल्हे जुन्या वऱ्हाडातले आहेत. कापसाच्या काळ्या जमिनीतलेच. मधल्या काळात अनुशेष मोजणारी दांडेकर समिती होऊन गेली, १९९४ मध्ये विदर्भ वैधानिक विकास मंडळ आले आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली. सावकार, चढउताराचा भाव आणि पाण्याची वाट पाहणारे शेत ही मंडळी मात्र मुदत संपवून जात नाहीत.

एक फरक मात्र झाला आहे आणि तो फार मोठा आहे. १९५० पासून मालकाच्या रकान्यात हैदराबादचे किंवा लंडनचे नाव उरलेले नाही. तिथे तुमचे-माझे नाव आहे. कारभारी आपण निवडतो आणि त्याने हिशेब द्यायचा असतो. १८६० च्या तहातले ‘हिशेब मागू नये’ हे कलम आता कुणालाही लागू नाही. पॅकेजचे पैसे कुठे गेले, धरण किती वर्षे अर्धवट आहे, खरेदी केंद्र वेळेवर का उघडले नाही, हे ग्रामसभेत, तहसील कचेरीत, आमदाराच्या दारात विचारणे हा उद्धटपणा नव्हे. ते मालकाचे काम आहे. आपल्या खापरपणज्यांना ते करता आले नाही, कारण ते तहनाम्यात कुठेच नव्हते.

तुमच्या घरी जुन्या पेटीत जमिनीचे कागद असतील तर एकदा सवड काढून पाहा. कुठे फारसी शिक्का असेल, कुठे मोडी अक्षर, कुठे इंग्रजी सही. प्रत्येक कागदावर हुकूम देणाऱ्याचे नाव निराळे सापडेल. आणि खाली, सारा भरल्याच्या पावतीवर, पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याचे नाव असेल. तुमच्या घराण्याचे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)